वॉर्डात उतरताना: क्लिनिकल पोस्टिंगला निघालेल्यांसाठी

एमबीबीएसचं पहिलं वर्ष सुटलं की नोटीस बोर्डावर वॉर्डातल्या पोस्टिंगच्या बॅचची यादी लागते. अमुक ते तमुक रोल नंबर, मेडिसिन, युनिट तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा एप्रन आणि गळ्यात नवा स्टेथो घालून पंधरा-वीस जण वॉर्डाच्या दाराशी उभे राहतात आणि तिथेच उभे राहतात. सर राउंडमध्ये अडकलेले, रेसिडेंट (पीजी करणारा डॉक्टर) रक्ताचे नमुने काढतोय, सिस्टर "दारात गर्दी करू नका" म्हणून दोनदा ओरडून गेल्या. तासा-दोन तासांनी कोणीतरी हजेरी घेतं आणि सगळे कॅन्टीनला जातात. क्लिनिकलला ८० टक्के उपस्थिती लागते. ती अशी उभ्या उभ्याही भरते, म्हणून तर ही सवय सुटत नाही.

हे मी महाराष्ट्रातल्या सरकारी आणि महापालिकांच्या मेडिकल कॉलेजांतली मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. खाजगी कॉलेजात पेशंट कमी आणि शिकवायला सर मोकळे, एवढा फरक धरून वाचा. सांगायचं एकच आहे: पोस्टिंगमध्ये सरांच्या मागे धावू नका, पेशंटच्या मागे लागा. राउंडला सातव्या रांगेत उभं राहून रोज वीस पेशंटच्या चादरी बघण्यापेक्षा आठवड्याला दोन पेशंट भरती झाल्यापासून डिस्चार्ज कार्ड हातात पडेपर्यंत आपले म्हणून बघा. वाचन, व्हायवा (तोंडी परीक्षा), लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) हे सगळं त्या दोघांभोवती बसवता येतं.

युनिटचे वार आणि वॉर्डातली माणसं

पहिल्याच दिवशी तीन वार विचारून घ्या: ओपीडी कधी, इमर्जन्सी कधी, आणि सर्जरी, ऑर्थो किंवा गायनॅक असेल तर ओटी (ऑपरेशन थिएटर) कधी. युनिटचा सगळा आठवडा या वारांवर चालतो. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात नवे पेशंट असतात. त्यांची हिस्टरी घाईत चार ओळींत उरकलेली असते आणि निदान अजून पक्कं झालेलं नसतं. केस घ्यायला याहून चांगली सकाळ नाही. रेसिडेंटला शंका विचारायला मात्र याहून वाईट सकाळ नाही, कारण तो रात्रभर झोपलेला नसतो. ओटीच्या दिवशी वरिष्ठ सगळे वर असतात आणि वॉर्ड शांत असतो, तेव्हा तपासणीचा सराव करा. ओपीडीत एकेका पेशंटला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. तिथे हिस्टरी शिकता येत नाही, पण नजर तयार होते: गलगंड, कोड, पार्किन्सनची चाल, लंगडत येणाऱ्या माणसाचं दुखणं गुडघ्यात आहे की खुब्यात.

उतरंड सगळ्यांना माहीत असते. एचओडी (विभागप्रमुख), युनिट हेड, असोसिएट, असिस्टंट प्रोफेसर, सीनियर रेसिडेंट, मग ज्युनियर रेसिडेंट म्हणजे जेआर-थ्री, टू, वन, मग इंटर्न. त्याच्याही खाली तुम्ही. यात तुमच्या सर्वांत जास्त उपयोगाचा माणूस जेआर-वन, आणि वॉर्डात सर्वांत जास्त पिचलेलाही तोच. त्याला लॅबमधून दोन रिपोर्ट आणून दिलेत तर दुपारी तो तुम्हाला एक्स-रे समजावून सांगेल. ही देवाणघेवाण जुनी आहे आणि त्यात कमीपणा नाही. रोज नुसती हमालीच होऊ लागली तर बॅचमध्ये पाळी लावा आणि उरलेल्यांनी खाटेपाशी थांबा.

इनचार्ज सिस्टरना पहिल्या दिवशी नाव सांगा, युनिट सांगा, आणि कोणत्या पेशंटला आत्ता त्रास देऊ नये ते विचारा. वीस-पंचवीस वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाईंना कोणता पेशंट खालावतोय हे मॉनिटरच्या आधी कळतं. मामा आणि मावशींशी (वॉर्डबॉय आणि आया) नीट बोला. कोणत्या खाटेवरची आजी गप्पा मारायला आसुसली आहे आणि कोणाचा मुलगा आज चिडलेला आहे, ही माहिती केसपेपरवर नसते, त्यांच्याकडे असते. स्क्रीन लावून हवा असेल, तपासणीच्या वेळी बाई माणूस हवं असेल, तरी हाक त्यांनाच मारायची आहे.

खिशात काय असावं

दोन पेनं, कारण एक रेसिडेंट घेऊन जाणार. खिशात मावेल अशी वही, टॉर्च, मोजपट्टी, सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ. सुरुवातीला महागड्या कंपनीच्या स्टेथोची गरज नाही. बेल आणि डायफ्रॅम दोन्ही असलेला, कानात नीट बसणारा कोणताही चालतो, फक्त नळीवर नाव घाला. वॉर्डात स्टेथोला पाय फुटतात. न्यूरोच्या केससाठी हॅमर, कापूस आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, ईएनटीला ५१२ चा. हे चौघांत मिळून एक घेतलं तरी भागतं. एप्रन आठवड्यातून दोनदा धुवा आणि तो घालून मेसमध्ये जेवायला बसू नका.

केस घेणं

ही पायरी सावकाश शिका.

खाटेपाशी गेल्यावर आधी पेशंटकडे बघा, केसपेपर नंतर. केसपेपर वाचून गेलात तर तुम्ही त्यावर लिहिलेलं निदान सिद्ध करणारेच प्रश्न विचारता. नमस्कार करा, नाव सांगा, "मी इथे शिकतोय, तुम्हाला चालणार असेल तर थोडं विचारू का?" असं स्पष्ट म्हणा. ताप चढलाय, धाप लागलीय, जेवण पुढ्यात आलंय, नातेवाईक रडतायत, असं काही असेल तर उलट्या पावली परत फिरा. नाही म्हणणाऱ्या पेशंटचा राग धरू नका. सकाळपासून तो तुमच्यासारख्याच तिघांशी बोललेला असतो. वयाने मोठ्यांना काका, मावशी, आजी, बाबा म्हणा. "ए आजी, जीभ दाखव" हा सूर कितीही वरिष्ठांकडून ऐकला तरी उचलू नका. जमलं तर स्टूल ओढून बसा, बसलेल्या माणसाला पेशंट जास्त सांगतो.

"काय होतंय?" हा पहिला प्रश्न. त्यानंतर दोन मिनिटं तोंड बंद. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या डोक्यात प्रश्नांची यादी तयार असते आणि पेशंट सुनेच्या बाळंतपणापासून सुरुवात करतो. ऐकून घ्या. मग तक्रारी काळाच्या क्रमाने लावा: आधी काय सुरू झालं, त्यानंतर काय, काल रात्री असं काय झालं की दवाखान्यात यावंच लागलं.

तारखा विचाराल तर मिळणार नाहीत. ताप पोळ्याच्या आधीपासून असतो, पोट नवरात्रापासून दुखत असतं, पाळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आलेली असते. मोबाइलवर कालनिर्णय उघडून तिथेच तारीख काढा. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढायची असते, तिथे एका पंधरवड्याची चूक म्हणजे सगळाच हिशेब गडगडला. "आठ दिवस" म्हणजे एक आठवडा आणि "पंधरा दिवस" म्हणजे दोन, हे धरून चला. "लई दिवस झालं" म्हटलं तर विचारा: पाऊस सुरू झाला होता का तेव्हा?

पुस्तकातलं लक्षण आणि पेशंटच्या तोंडचं लक्षण जुळवायला वेळ द्या. शहरात इंग्रजी माध्यमात वाढलेल्या मुलांना हे फार जड जातं, परराज्यातून ऑल इंडिया कोट्यातून आलेल्यांना तर विचारायलाच नको. "उन्हाळी लागली" म्हणजे लघवीला जळजळ. "अंगावरून वारं गेलं" म्हणजे पक्षाघात, आणि बाईने "अंगावरून जातंय" म्हटलं तर तो योनीतून होणारा स्राव, मग पांढरा की लाल ते विचारायचं. "नागीण उठली" म्हणजे हर्पिस झोस्टर. "मागचं पोरगं पायाळू" म्हणजे पायाकडून जन्मलेलं. वहीच्या मागच्या पानावर असे शब्द जिल्ह्यासकट लिहून ठेवा. नागपूरला जे ऐकाल ते सोलापूरला वेगळं असेल.

व्यसनाचा प्रश्न नीट विचारला नाही तर उत्तर नेहमी "नाही" येतं. "तंबाखू खाता का?" यावर साठीची बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते, कारण ती तंबाखू खात नाही, मिश्री लावते. म्हणून मिश्री, तपकीर, मावा, गुटखा, विदर्भात खर्रा, असं एकेक नाव घेऊन विचारा. दारूबद्दल "पिता का?" पेक्षा "दिवसाला किती लागते?" हे चालतं. किती वर्षं, देशी की इंग्लिश, शेवटची कधी, हे सगळं लिहा. शेवटची कधी हे फार महत्त्वाचं, कारण दारू एकदम सुटलेला माणूस दोन-तीन दिवसांनी वॉर्डात बरळायला लागतो आणि मग सगळ्यांची धावपळ होते.

गोळ्यांची नावं विचारू नका, पिशवी दाखवायला सांगा. उशीखालच्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, जुने ईसीजी, बीपीची गोळी आणि कुणीतरी दिलेली गुडघेदुखीची पुडी असं सगळं निघतं. मूत्रपिंड बिघडल्याचं कारण पुष्कळदा त्या पुडीत असतं.

धंदा आणि गाव हे रकाने भरण्यासाठी नाहीत. ऊसतोड, कापसावर फवारणी, पावसाळ्यात भाताच्या चिखलात उभं राहणं, दगडखाण, यंत्रमाग: प्रत्येकाबरोबर स्वतःचे आजार येतात. कोकणातून पावसाळ्यात ताप आणि कावीळ घेऊन आलेला शेतकरी असेल तर लेप्टो डोक्यात आला पाहिजे. गडचिरोली किंवा नंदुरबारचं मूल फिकं दिसतंय आणि सांधे दुखतात म्हणतंय, तर सिकलसेल. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे त्यांनी दाखवलं, ते मोठ्या संशोधन संस्थेत बसून नाही. रायगड जिल्ह्यात लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या खाटेपाशी रात्री काढून, पुन्हा पुन्हा नाडी, रक्तदाब आणि छाती तपासून त्यांनी ते शोधलं. अशा कामाला लागणारी साधनं तुमच्या वॉर्डातही आहेत.

आता एक पेशंट घेऊ. पंचेचाळिशीचे बांधकाम मजूर. पंधरा वर्षं रोज दारू. दीड महिन्यापासून पोट फुगतंय, पंधरा दिवसांपासून पायाला सूज, दोन दिवसांपासून काळी शी. असा पेशंट कोणत्याही मेडिसिन वॉर्डात जवळपास नेहमी सापडतो. इथे "नाही" या उत्तरांनाही "हो" इतकीच किंमत आहे, हे समजलं की निम्मं मेडिसिन समजलं. रात्री जाग आणि दिवसा झोप असं होतं का? म्हणजे यकृतामुळे मेंदूवर परिणाम सुरू झालाय का. ताप आणि पोटदुखी आहे का? म्हणजे पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालाय का. आधी धाप आणि मग सूज, की आधी पोट? हृदयाचा, मूत्रपिंडाचा आणि यकृताचा आजार इथे वेगळे होतात. काळी शी डांबरासारखी चिकट होती की नुसती काळी? लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी शी काळी होते. प्रत्येक प्रश्नामागे कारण ठेवा. सर नेमकं तेच विचारतात: "हे का विचारलंस?"

हात लावण्याआधी

पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहा. हात धुवा, थंडीत चोळून गरम करा. काय करणार ते सांगा. स्क्रीन लावा. स्त्री रुग्ण असेल आणि तपासणारा मुलगा असेल तर सोबत सिस्टर, मावशी किंवा बॅचमधली मुलगी असल्याशिवाय सुरुवात करू नका. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा आणि झाल्यावर स्वतःच्या हाताने चादर नीट करा.

काही गोष्टी पुस्तकात बारीक अक्षरात असतात. कावीळ ट्यूबलाइटखाली बघू नका, पेशंटला खिडकीकडे बघायला सांगा. श्वास मोजतोय हे सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो, म्हणून नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवून श्वास मोजा. दुखतंय तिथून पोट तपासायला सुरुवात करू नका, दूरच्या टोकाकडून या, आणि डोळे पोटावर नको, चेहऱ्यावर ठेवा. प्लीहा मोठी आहे का हे बघायला उजव्या इलियक फोसापासून (पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून) वर चढा. थेट डाव्या बरगडीखाली हात घातलात तर फार मोठी झालेली प्लीहा हाताखालीच राहून जाते आणि कळतही नाही. आपल्या मजूर काकांचे हात पुढे करून पंजे मागे वाकवायला सांगा, फ्लॅप (पंजांची फडफड) दिसतो का बघा. पोटातल्या पाण्यासाठी शिफ्टिंग डलनेस (कुशीवर वळवून पोट ठोकून बघणं) करताना कुशीवर वळवल्यावर थोडं थांबा, पाण्याला सरकायला वेळ लागतो.

जे सापडलं नाही ते सापडलं म्हणू नका. हृदयाचा जादा आवाज म्हणजे मर्मर. सगळी बॅच "मर्मर ऐकू येतोय" म्हणून माना डोलावते, त्यातल्या निम्म्यांना काहीही ऐकू आलेलं नसतं. "सर, मला नाही ऐकू आला, कुठे ऐकू?" असं विचारणाऱ्याचा स्टेथो सर स्वतः धरून योग्य जागी ठेवतात.

आणि एका पेशंटचं पोट पंधरा जणांनी दाबायचं नाही. चांगली केस आली की सगळं कॉलेज त्या खाटेवर तुटून पडतं. दिवसाला दोघं-तिघं पुरे, बाकीच्यांनी उद्या. लहान मुलाच्या पोटात गाठ असेल आणि विल्म्स ट्यूमरची शंका असेल तर पुन्हा पुन्हा दाबणं धोक्याचंच आहे.

केस प्रेझेंट करताना

कागद बघून वाचू नका. पहिलं वाक्य असं हवं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहील: वय, काम, गाव, आणि काळाच्या क्रमाने तीन-चार तक्रारी. शेवटी दोन ओळींत सार आणि मग पूर्ण निदान. "सर, सिरॉसिस" एवढ्यावर सर गप्प बसत नाहीत. "दारूमुळे झालेला क्रॉनिक लिव्हर डिसीज, डीकम्पेन्सेटेड, पोर्टल हायपरटेन्शन, असायटिस आणि अप्पर जीआय ब्लीडसह, सध्या एन्सेफॅलोपॅथी नाही" हे पूर्ण झालं. म्हणजे यकृत कामात कमी पडतंय, यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढलाय, पोटात पाणी आहे, अन्नमार्गाच्या वरच्या भागातून रक्त गेलंय, पण मेंदूवर परिणाम नाही. कोणता अवयव, कशामुळे, कार्यावर किती परिणाम आणि कोणती गुंतागुंत, ही चौकट मिट्रल स्टेनोसिसपासून (हृदयाची झडप अरुंद होणं) पक्षाघातापर्यंत सगळीकडे चालते.

मध्येच अडवलं तर घाबरू नका. सर अडवतात म्हणजे ऐकतायत. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही सर, उद्या वाचून सांगतो" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारण्याआधी सांगा. हे खरंच करणारे थोडेच असतात, त्यामुळे नाव लक्षात राहतं.

सगळी चर्चा इंग्रजीत चालली तरी पेशंट तिथेच पडून ऐकत असतो. "कॅन्सर" हा शब्द कोणत्याही भाषेत कळतो, "टीबी" कळतो, "एचआयव्ही" कळतो. म्हणून जुने सर "मिटॉटिक लीजन" आणि "कॉक्स" म्हणतात. तरीही भुवया आणि कुजबूज पेशंटला वाचता येते. गंभीर निदानाची चर्चा वॉर्डाबाहेर जाऊन करा. तुम्ही निघताना तो हमखास विचारतो, "डॉक्टर, काही घाबरण्यासारखं आहे का?" निदान किंवा भविष्य सांगणं तुमचं काम नाही. "मोठे डॉक्टर राउंडला येतील तेव्हा सांगतील, मी त्यांना तुमचा प्रश्न सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा. फोटो काढून बॅचच्या ग्रुपवर टाकणं हा तर सरळ गुन्ह्याच्या कडेला जाणारा मूर्खपणा आहे. चेहरा झाकून काढलेला फोटो असला तरी एक्स-रेवर नाव असतंच.

गायनॅक आणि पेड्स

मेडिसिनची शिस्त सर्जरीलाही चालते. तिथे फक्त ओटीचे नियम जास्त: हिरव्या कापडाला शिवायचं नाही, हात कमरेच्या वर, आणि चक्कर येतेय असं वाटलं तर लाज न बाळगता भिंतीला टेकून खाली बसायचं. सकाळी नाश्ता करून जा. आय, ईएनटी, स्किन ही छोटी पोस्टिंग लवकर संपतात, तिथे उपकरण हातात घेऊन बघायचा हट्ट धरा. सायकियाट्रीत घाई केली तर काहीच हाती लागत नाही.

गायनॅकबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे बायका न विचारता काही सांगत नाहीत. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, पण त्याआधी त्यासाठी तपासणी करून घेतलेल्या ८ टक्केच होत्या. तुमच्या समोर "कंबर दुखते" म्हणून बसलेल्या बाईला सासूला बाहेर थांबवून पुन्हा विचारा. किती वेळा दिवस गेले, किती राहिले, किती खाली झाले (गर्भपात), ही बेरीज शांतपणे करा. अविवाहित मुलीला सगळ्यांसमोर पाळी चुकल्याचं विचारू नका. लेबर रूममध्ये ओरडणाऱ्या बाईला कोणी टोचून बोलत असेल तर तुम्ही त्यात सामील होऊ नका, डोक्याशी उभं राहून हात धरा. मुलग्यांना इथे बऱ्याचदा बाहेर ठेवलं जातं. त्यांनी रजिस्ट्रारना आधी भेटून, पेशंटची परवानगी घेऊन, ठरलेल्या रात्री जावं. प्रसूती वाट बघायला लावते. एक पूर्ण प्रसूती सुरुवातीपासून वार (प्लासेंटा) पडेपर्यंत बघायची तर रात्र काढावी लागते आणि पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) त्या रात्रीच समजतो.

पेड्समध्ये (बालरोग) हिस्टरी आईकडून, पण नजर मुलावर. मूल आईच्या मांडीवर शांत असतानाच छाती ऐकून घ्या आणि श्वास मोजा. घसा आणि कान सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर ते तुम्हाला जवळ येऊ देणार नाही. लसीकरण तोंडी विचारू नका, माता-बाल संरक्षण कार्ड मागा, आणि डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण. मोजपट्टी त्यासाठीच खिशात आहे. वजन स्वतः करा, कारण पेड्सची सगळी औषधं वजनावर ठरतात.

सुई टोचली तर

पोस्टिंग सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्या (शून्य, एक आणि सहा महिने), आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) तपासून घ्या. तो १० च्या वर हवा. टीबी वॉर्डात एन-९५ घालूनच जा, सर्जिकल मास्क पुरत नाही.

सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच क्षणी रेसिडेंटला सांगा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. रागावतील म्हणून लपवणारी मुलं दरवर्षी असतात. रागावू देत. औषधं कुठे ठेवतात आणि रात्री कोणाकडे जायचं हे टोचण्याआधीच विचारून ठेवा. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, सलाइनचे सेट आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खोक्यात. चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई तुम्हाला टोचत नाही, मावशीला टोचते.

बोलणी बसतील

बसतीलच. केस अर्धवट घेतली म्हणून, उशीर झाला म्हणून, कधी काहीच कारण नसताना. कामाबद्दलचं बोलणं वेगळं आणि माणूस म्हणून खच्ची करणारं वेगळं, हा फरक ओळखा. पहिल्यातून शिकायचं असतं. दुसरं जात, भाषा, दिसणं किंवा मुलगी असणं यावर घसरलं तर सहन करणं हा मेडिकलच्या शिक्षणाचा भाग नाही. तारीख-वार लिहून ठेवा, मेंटॉरला किंवा ज्यांच्यावर विश्वास आहे त्या शिक्षकांना सांगा. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८०० १८० ५५२२ आहे. झोप उडाली, रडू आवरेना, जगणं नको वाटू लागलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आपण घेतलेल्या केसचा पेशंट एखाद्या सकाळी खाटेवर नसतो. गादी उलटलेली असते आणि चादर बदललेली असते. कोणी काही सांगत नाही, कारण वॉर्डाला थांबता येत नाही. त्या दिवशी एकटे रूमवर जाऊ नका. बॅचमेटबरोबर बसा, आणि जेआरला फुरसत झाल्यावर काय झालं ते विचारून घ्या. विचारलं की बहुतेक जण सांगतात, त्यांनाही बोलायचं असतं.

नातेवाईक चिडून जमा होऊ लागले तर समजूत घालायला पुढे होऊ नका. सिस्टर आणि सुरक्षारक्षकांना कळवून बाजूला व्हा.

संध्याकाळ, लॉगबुक, परीक्षा

रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या एकाच पेशंटबद्दल वाचा, तासभर पुरे. मजूर काकांमुळे दुसऱ्या वर्षाचा निम्मा अभ्यास होतो: पॅथॉलॉजीत सिरॉसिस, फार्माकॉलॉजीत स्पायरोनोलॅक्टोन आणि प्रोप्रॅनोलॉल, मायक्रोबायॉलॉजीत पोटातल्या पाण्याचं कल्चर. दुसऱ्या दिवशी टॅपचा (पोटातून काढलेल्या पाण्याचा) रिपोर्ट बघायला जा. सीरम आणि पोटातलं पाणी यांच्या अल्ब्युमिनमधला फरक १.१ किंवा जास्त आला तर पोर्टल हायपरटेन्शन, पाण्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २५० च्या वर असतील तर संसर्ग. हे आकडे पाठ करावे लागत नाहीत, काकांचा रिपोर्ट डोळ्यांसमोर राहतो. एन्डोस्कोपीला काय दिसलं, बँडिंग (फुगलेल्या शिरांना रबरबँड लावणं) झालं का, समाजसेवा अधीक्षकांकडे महात्मा फुले योजनेच्या कागदांचं काय झालं, डिस्चार्जवर कोणत्या गोळ्या लिहिल्या, ते सगळं वहीत त्यांच्या पानावर जाऊ द्या.

पीजीच्या प्रवेश परीक्षेचं सावट आता दुसऱ्या वर्षापासूनच असतं. पोस्टिंग बुडवून लायब्ररीत व्हिडिओ बघणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही, स्पर्धा खरी आहे. पण फायनलच्या लाँग केसला व्हिडिओ कामाला येत नाही. तिथे अनोळखी पेशंट, ठरलेला वेळ आणि बाहेरगावचे परीक्षक असतात. त्याही पुढे इंटर्नशिपची रात्र आहे. तेव्हा धाप लागलेल्या माणसासमोर तुम्ही एकटे असता आणि पर्याय अ, ब, क, ड असे छापून येत नाहीत. व्हिडिओ संध्याकाळी बघा, पेशंट सकाळीच भेटतो.

एंड पोस्टिंगच्या परीक्षेला बहुधा वॉर्डातलीच केस मिळते, म्हणून शेवटच्या आठवड्यात वॉर्डात कोण कोण आहे ते बघून ठेवा. ती फसवणूक नाही, तोच अभ्यास आहे. लॉगबुक मात्र रोजच्या रोज भरा आणि कौशल्यं केली त्याच आठवड्यात सही घ्या. शेवटच्या दिवशी दुपारी चाळीस पानं घेऊन सरांच्या केबिनबाहेर रांग लावू नका. त्या दिवशी सर हमखास दुसऱ्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेलेले असतात.